पडीक न्हाय

होनगुड्डी, ता. अक्कलकोट
९ नोव्हेंबर २०२४

सोमू,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत न्हाय, म्हणून सोडून दिले.

फोन का केला न्हाय म्हणशील. केला की. तू "हो चिगव्वा, बघतो चिगव्वा" म्हणतोस आन् ठेवतोस. शिवाय आपल्या घरात फोनवर बोललं की सून भुवनेश्वरी चुलीपाशी ऐकती आन् लेक सिद्धप्पा दारात ऐकतो. कागदावर मला मधीच कुणी अडवत न्हाय. तूबी कागदावरच जबाब दे.

माझं म्हणणं एकच हाय. सायकलीच्या शर्यतीची वाट गुड्ड्याच्या, आपल्या टेकडीच्या खालच्या उतारावरनं काढलीस, ती तितनं हलव. बाकी टेकडीवर काय गोंधळ घालायचा तो घाल. तळ्याकडनं ने, देवळाकडनं ने. तीन धोंड्यांच्या खालचा उतार तेवढा सोड.

काल मी वर गेले हुते. तुझी माणसं कुदळीनं उतार खरवडत हुती. मातीचा उंच ढीग केलाय, त्यावरनं सायकल उडणार म्हणं. बाजूला पाटी लावलीया, 'रॉकेट'. मी विचारलं हे काय, तर एकजण हसून म्हणला, "आजी, हितनं उडी मारायची. हीच तर मजा हाय."

तितं मेंढरं चरत्यात. घोणस निघती. कुणी पडून मेलं तर गावाचं नाव खराब होईल. एवढी कारणं पुरेत.

तुझी काकू,
बसव्वा


पुणे
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय चिगव्वा,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग काळजी वाटली. आशीर्वाद न लिहिलेलं तुझं हे पहिलंच पत्र.

तू दिलेली कारणं मी गंभीरपणे घेतली. मेंढरांसाठी पश्चिमेची बाजू मोकळी ठेवली आहे, धनगरांशी बोलून. शर्यतीच्या दिवशी साप पकडणारा आणि रुग्णवाहिका दोन्ही असतील. पण उतार सोडता येणार नाही. बाकीची वाट कुठल्याही गावात काढता येईल. पुण्याचे, हैदराबादचे सायकलवाले होनगुड्डीला येणार ते त्या उतारासाठी. अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात तसा दगडी, सलग उतार मला दुसरा सापडला नाही, आणि मी नोकरी सोडून दोन वर्षं हेच शोधत फिरलोय.

गावाची अवस्था तुला मी काय सांगणार? आठवडी बाजार अर्ध्यावर आला. शाळेत दोन वर्ग एकत्र बसतात. आपली पोरं पुण्यात सोसायट्यांच्या फाटकावर शिट्ट्या घेऊन उभी असतात, मला जाता-येता भेटतात. गेल्या हिवाळ्यात चाचणीसाठी नुसते काही जण आले, तर सिद्धप्पाच्या दोन्ही खोल्या भरल्या. भुवनेश्वरीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी लोक बांधून घेऊन गेले. जानेवारीत शर्यत झाली की गावाचं नाव होईल. जागा पडीक आहे, ग्रामपंचायतीचा ठराव आहे, आणि आप्पांनी स्वतः पुढे होऊन तो करून घेतलाय.

एक विचारू? रागावू नकोस. शर्यतीच्या जेवणाचं काम भुवनेश्वरीऐवजी रेश्माच्या बचत गटाला दिलं, हे तुला लागलंय का? तसं असेल तर सरळ सांग, काहीतरी करता येईल.

तुझा
सोमू


होनगुड्डी
२५ नोव्हेंबर २०२४

सोमशेखर,

भाकरीसाठी मी रुसले असं तुला वाटलं. तू लहान हुतास तवा तापातबी माझ्या तोंडाकडं बघून ओळखायचास, काकूला भूक न्हाय म्हणून. आता एवढा शिकलास आन् एवढंबी कळंना?

भाकऱ्या रेश्माला दे न्हायतर हैदराबादवाल्याला दे. मला त्याचं काय न्हाय.

उतारावरचे झेंडे वाऱ्यानं पडले असं तुझी माणसं तुला सांगतील. वारा न्हवता. मी उपटले. सगळे. आन् ती पाटी उलटी करून त्यावर मिरच्या वाळत घातल्यात, माझ्या अंगणात. पाहिजे तर येऊन घेऊन जा.

पडीक, पडीक. तुझ्या आप्पांनी ठरावात लिहून दिलं, आन् तू तोच शब्द मला पत्रात लिहितोस. तुझे वडील हायत ते, विचार त्यांना, तितं काय हाय म्हणून. त्यांच्या तोंडाकडं बघून विचार. फोनवर विचारू नको.

बसव्वा


पुणे
३ डिसेंबर २०२४

चिगव्वा,

गावी येऊन गेलो. तू भेटली नाहीस, मुद्दाम शेतात जाऊन बसलीस असं भुवनेश्वरी म्हणाली. ती रडत होती, हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो. "सासूबाईंनीच झेंडे उपटले असं गावभर झालंय, लोक आमच्या खोल्यांत माणसं पाठवायची न्हाईत," म्हणाली. त्या दोन खोल्यांना तिनं स्वतः चुना मारला, भिंतीवर चित्रं काढली. तिचा तरी विचार कर.

आप्पांना समोर बसवून विचारलं. ते म्हणाले, "दगड हायत, दुसरं काय असणार? बसव्वाचं वय झालं." मी पुन्हा विचारलं तर उठून आत गेले. त्यांचं हे वागणं मला आवडलं नाही, पण तुझं तरी कुठे बरोबर आहे? तुम्ही दोघं मला एखाद्या लहान मुलासारखं कोड्यात बोलून खेळवताय. महिनाभर माणसं राबली आहेत. शंभरावर लोकांनी नावं नोंदवली आहेत. झेंडे आम्ही पुन्हा लावले, आणि आता तिथे राखण ठेवलीय. माझ्या चिगव्वापासून राखण! मला हे लिहितानाही संताप येतो.

काय असेल ते एकदा स्पष्ट सांग. नाही सांगितलंस तर मी आता ऐकणार नाही.

सोमशेखर


होनगुड्डी
१२ डिसेंबर २०२४

सोमू,

स्पष्ट पाहिजे तर घे.

सिद्धप्पाच्या आधी मला एक मुलगी हुती. नीलव्वा नाव ठेवलं हुतं. पाळण्यात घातलं तवा तुझ्या आईनंच कानात नाव सांगितलं. पालथी पडायला लागली हुती. ताप आला, अक्कलकोटला न्यायला गाडी बघेपर्यंत माझ्या मांडीवर गेली.

दुपारची वेळ हुती. तुझ्या काकांनी तिला माझ्या हातातनं घेतलं, धोतराच्या फडक्यात गुंडाळलं. मी उठले मागनं, तर सासूबाईंनी दंडाला धरून बसवलं. बाईनं जायचं न्हाय, म्हणाल्या. मी हात सोडवून माडीवर पळाले. माडीवरनं दिसलं, दोघं टेकडी चढत हुते. पुढं तुझे काका, मागं खांद्यावर कुदळ घेऊन तुझे आप्पा. तीन धोंड्यांच्या खाली गेले आन् दिसायचे बंद झाले.

परत आल्यावर विचारलं, कुटं ठेवली? काका म्हणले, "आता ते कळून काय करायचंय?" वरसानं परत विचारलं. तवाबी तेच. नंतर सिद्धप्पा झाला, मग कोण विचारू देतंय? मरस्तोवर त्यांनी सांगितलं न्हाय. मोठ्या माणसांना समाधीच्या जागेत ठेवत्यात, दगड बसवत्यात, वरसाला इभूत लावत्यात. अंगावरच्या लेकराला कुणी दगड बसवत न्हाय.

तुझ्या आईला तवा टायफॉईड झाला हुता. तू तान्हा हुतास, गाईचं दूध तुला पचायचं न्हाय. माझी छाती दुखून दगड झाली हुती. तुला माझ्या पदराखाली आणून घातलं. नीलव्वाचं दूध तू प्यालास, सोमू. म्हणून मी तुला कधी काय बोलले न्हाय, आन् म्हणूनच हे सांगायला एवढे दिवस लावले. तुझ्या अंगावर हे ओझं टाकायचं न्हवतं.

तिच्यावरनं तू माणसं उडवणार हायस. आन् पाटी लावलीस.

तुझे आप्पा कुदळ घेऊन गेले हुते. त्यांनी पडीक लिहून दिलं.

बसव्वा


पुणे
१६ डिसेंबर २०२४

चिगव्वा,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

आजच माणसांना फोन करून काम थांबवलं. ढीग पाडायला सांगितला. त्या उताराकडे आता कुणी फिरकणार नाही, हा माझा शब्द.

ग्रामपंचायतीला मी कळवतो की खडक ठिसूळ निघाला, तांत्रिक कारणानं मार्ग बदलतोय. तुझं नाव कुठेही येणार नाही. कुणाला काही कळणार नाही, तू निश्चिंत राहा.

आप्पांशी मी बोलत नाहीये.

तुझा
सोमू


होनगुड्डी
३० डिसेंबर २०२४

सोमू,

काम थांबवलंस, चांगलं केलंस. पण 'कुणाला काही कळणार नाही' हे वाचलं आन् माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेच तर करत आले सगळे! तुझ्या काकांनी तेच केलं, आप्पांनी तेच केलं, आता तू शिकून-सवरून तेच करणार? खडक ठिसूळ म्हणं! खडकाला का बोल लावतोस?

तुझं ते कारण इथं कुणाला पटलं न्हाय. गावात बोंब उठली की म्हातारीनं देवऋषी केला, म्हातारीला शेजारच्या गावानं फितवलं. पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला काढलेली माणसं आमच्या दारात येऊन भांडून गेली. त्यांचंबी काय चुकलं? खरं त्यांना कुणी सांगितलंच न्हवतं. भुवनेश्वरी माझ्याशी बोलायची थांबली. ताट ठेवायची आन् निघून जायची.

म्हणून ग्रामसभा लागली तवा मी गेले. आमच्या घरातली बाई ग्रामसभेला कधी गेली न्हवती, सही करायला तेवढी गेली असंल. हनुमानाच्या देवळापुढं सतरंजी टाकली हुती. पुरुष पुढं, आमी मागं. तुझे आप्पा खुर्चीत. ते म्हणले, "जागा पडीक हाय. आमचा इंजिनेर पोरगा काय म्हणतोय ते सोडा, आपण दुसरा माणूस आणू आन् काम पुरं करू."

मी उठले. म्हणलं, "पडीक न्हाय."

"बसव्वा, खाली बस," तुझे आप्पा म्हणले.

म्हणलं, "भावजी, तुमी कुदळ घेऊन गेला हुता. माझी नीलव्वा तितं हाय. कुटं ठेवली ते तुमाला ठावं हाय, मला न्हाय. आन् तुमी त्या जागेला पडीक म्हणता?"

एकजण हळूच म्हणला, "जुनं कशाला उकरायचं?" मी म्हणलं, "उकरलं कुणी? मी का तुमी? कुदळी कुणाच्या चालल्यात तितं?"

मग माझ्या शेजारची वच्छला उठली. ज्ञानबाची बायको, माळ्याच्या गल्लीतली. तिला मी जन्मात मोठ्यानं बोलताना ऐकलं न्हवतं. म्हणली, "माझी दोन हायत तितं." एवढंच. मग ईरम्मा उठली, काठीला धरून. "माझा पोरगा. पोटातनंच मेलेला निघाला. मला तोंडबी दावलं न्हाय." मग एक एक उठायला लागली, सोमू. आपली, मराठ्याची, धनगराची, सगळ्यांची. मला वाटायचं तितं माझी एकटीच झोपलीया. अख्ख्या गावाची लेकरं त्या उतारावर हायत आन् अख्ख्या गावच्या पुरुषांना ते ठावं हुतं. ठराव केला तवा हात वर करणाऱ्या एकेकाला ठावं हुतं! उतार फुकट, कुणाच्या मालकीचा न्हाय, कोण विचारणार? म्हणून दिला.

आन् मग भुवनेश्वरी उठली.

तुला ठावंच हाय, पाच वरसामागं तिचं बाळंतपण सोलापूरच्या दवाखान्यात झालं, मूल जिवंत निघालं न्हाय. ती शुद्धीवर येईपर्यंत सगळं उरकलं हुतं. ती उठली आन् सगळ्यांसमोर सिद्धप्पाला विचारलं, "आपलं कुटं ठेवलं?"

सिद्धप्पा खाली बघाय लागला.

ती म्हणली, "तितंच?"

त्यानं मान डोलावली.

त्या उतारावरच्या माणसांना तिनं रोज डबा नेऊन दिला, सोमू. ढिगावर बसून त्यांच्याबरोबर चहा प्यायली. माझ्या पोटच्या पोरानं तिला नेऊ दिलं, एक अक्षर बोलला न्हाय. तुझ्या काकांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या मनातल्या मनात, आन् माझ्या घरात तसाच एक वाढला. त्या रात्रीपासनं त्याला मी जेवायला वाढत न्हाय. स्वतः घेतो.

ठराव आम्ही बायकांनीच सांगितला. उतार कुणाला द्यायचा न्हाय. आन् जे जे फडकं घेऊन वर गेले हुते, त्यांनी आपल्या बाईला घेऊन जायचं आन् जागा दावायची. तुझे आप्पा मधीच उठून गेले.

बसव्वा


पुणे
८ जानेवारी २०२५

चिगव्वा,

तुझं पत्र आधी तुझ्या पुण्याच्या सुनेनं, शिवानीनं वाचलं, मग मी. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी काय केलं, असं विचारायचं होतं, पण विचारलं नाही. कुणाला काही कळणार नाही असं लिहिणारा मीच होतो.

शर्यत रद्द झाली. प्रायोजकानं हात काढून घेतला, नोंदवलेली माणसं दुसरीकडे गेली. खरं सांगू? मला तुमचा कुणाचा नाही, आप्पांचा राग येतो. उतार दाखवायला ते स्वतः माझ्याबरोबर चढले होते. तीन धोंड्यांपाशी टेकून ते पाणी प्यायले. मी म्हणालो, "काय जागा आहे आप्पा!" ते म्हणाले, "व्हय, मोकळी हाय." मी फोन केला तर रडतात. मी ठेवून देतो.

तळ्याच्या बाजूनं नवी वाट आखतोय. अवघड नाही, लांब आणि वळणावळणाची आहे. थरारासाठी येणारे येणार नाहीत, पण घरच्यांना घेऊन येणारे, शिकणारे येतील. कमी असतील. खोल्या तरी रिकाम्या राहू नयेत.

उतारावर एक छोटं स्मृतिस्थळ करावं असं मनात आहे. दगडी बाक, चार झाडं, एक साधी पाटी. सायकलवाले येऊन क्षणभर थांबतील. तुला काय वाटतं?

सोमू


होनगुड्डी
१९ फेब्रुवारी २०२५

सोमू,

पाटी नको. बाक नको. झाडं लावायला खड्डे कुटं काढशील? तू लई चांगला हायस पण तुझ्या हाताला नुसतं काहीतरी करायची खाज हाय. ती जागा बघायला आम्हाला लोक नको हायत. तितं काही करू नकोस. काही न करणं जमतंय का बघ.

तळ्याकडची वाट सुरू झाली. गेल्या रविवारी माणसं आली, बायका-पोरं घेऊन. एक बाई तर सायकल हातात धरून चालतच आली सगळी वाट, आन् म्हणली लई मजा आली! रेश्माच्या गटानं आन् भुवनेश्वरीनं मिळून सैपाक केला. माणसं थोडी हुती, पण संध्याकाळपर्यंत उठली न्हाईत. तीन घरांनी बांधायच्या खोल्या मात्र अर्धवट सोडल्यात. ती माणसं मला बघून तोंड फिरवत्यात. फिरवू देत.

आता तुला सांगायचं ते सांगते.

पुरुष आले जागा दावायला. सगळे न्हाय. ज्ञानबा आला, वच्छलाला हाताला धरून घेऊन गेला, आन् तितंच मटकन बसला. ईरम्माचा नवरा कधीच गेला, तिला दावणारं कुणी न्हाय. ती सगळ्या उतारावर फिरली, जिथं वाटलं तिथं हळद-कुंकू टाकलं. सिद्धप्पा भुवनेश्वरीला घेऊन गेला. काय बोलले मला ठावं न्हाय. परत आल्यावर तिनं स्वतःचं अंथरूण उचलून माझ्या खोलीत आणून टाकलं.

तुझे आप्पा आले न्हाईत. दोन वेळा निरोप धाडला. तिसऱ्यांदा मी स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आन् म्हणलं, "भावजी, चला. न्हायतर मी हितनं हलत न्हाय." तुझी आई दारामागनं बघत हुती. तिनंच आतनं त्यांची काठी आणून त्यांच्या पुढ्यात धरली.

चढताना त्यांना धाप लागत हुती. मी थांबले न्हाय. तीन धोंड्यांच्या खाली गेलो. ते इकडं बघतात, तिकडं बघतात. तुझ्या माणसांनी कुदळीनं खरवडलेलं तसंच उघडं पडलंय. शेवटी एके ठिकाणी काठी टेकवली. म्हणले, "हितं."

म्हणलं, "नक्की?"

म्हणले, "हितंच, बसव्वा. धोंड्याची सावली हुती."

खरंच तीच जागा, का माझ्यापासनं सुटायला कुटं तरी काठी टेकवली, ते मला कसं कळणार? सावली तर रोज हलती. पण मी खाली बसले. माती हातानं चाचपली. सगळीकडं सारखीच टणक हाय. मला रडू येईल असं वाटलं हुतं, आलं न्हाय. नुसता राग आला. एवढ्याशा जागेसाठी मला एवढं म्हातारं केलं.

तुझे आप्पा उभेच हुते. म्हणले, "चुकलं माझं."

मी म्हणलं, "व्हय."

ते आणखी काय ऐकायला थांबले हुते. मी म्हणलं, "तुमी आता खाली जावा." आन् ते गेले. मी उन्ह उतरेपर्यंत तितंच बसले, माझ्या पोरीपाशी.

तुझी,
चिगव्वा